रोजच्या फोटोंसाठी कॅमेरा आणि लेन्स : तुमचे अनुभव लिहा

हौशी फोटोग्राफीच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो : "कुठला कॅमेरा घेऊ?" मग मॉडेलांची नावं भराभर पडतात आणि विचारणारा आणखीच गोंधळतो. म्हणून मंडळी, इथे नावांची यादी नको. तुम्ही काय घेतलंत, का घेतलंत, त्यातलं आज रोज हातात काय असतं आणि कपाटात काय जाऊन बसलं, ते लिहा. चुकलेली खरेदीही लिहा, नवीन माणसाला तीच जास्त उपयोगी पडते. सुरुवात मी करतो.

माझा पहिला कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरचा), सोबत १८-५५ची किट लेन्स. दोन वर्षांनी दुसरी लेन्स घ्यायची ठरली तेव्हा मन मोठ्या टेलीकडे, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सकडे, ओढत होतं. घेण्याआधी एक संध्याकाळ बसून दोन वर्षांचे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे, म्हणजे लेन्सच्या १८ ते ५५ या आकड्यांप्रमाणे, लावून पाहिले. (प्रत्येक फाइलमध्ये ही नोंद असते, फोटोंचं बहुतेक कुठलंही सॉफ्टवेअर ती दाखवतं.) ५५ला अडकलेले, म्हणजे अजून जवळ जायला हवं होतं असे फोटो अगदी थोडे निघाले. निम्म्याहून जास्त ३० ते ४०च्या मधले, बहुतेक घरातले आणि दिवेलागणीनंतरचे : अभ्यासाला बसलेली मुलगी, सुईत दोरा ओवणारी आई. आणि त्यातले कितीतरी दाणेदार नाहीतर हललेले. मला लांबचं नको होतं, उजेड हवा होता.

३५ एमएम एफ/१.८ घेतली. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं.) किट लेन्स ३५ला फार तर एफ/४.५पर्यंत उघडायची, ही तिच्या सहापट उजेड आत घेते. जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लागायचा तिथे १०००वर भागायला लागलं. आईचा फोटो पुन्हा काढला. एफ/१.८वर सुईचं नेढं लख्ख दिसलं, दोऱ्याचा सुटलेला धागासुद्धा, पण आईचा चेहरा पार विरघळला. एफ/४वर आणलं तेव्हा तिच्या कपाळावरची आठी आणि दुमडलेले ओठ ओळखू यायला लागले. लेन्स मोठी उघडते म्हणून कायम उघडीच ठेवायची नसते, हे मला त्या सुईनं शिकवलं. आज ती ३५ बॉडीवरून निघतच नाही.

* * *

माझं वय सत्तरीच्या पुढे. फुल फ्रेम बॉडी (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरची) आणि २४-७० एफ/२.८ अशी जोडी मी बरीच वर्षं वापरली. लेन्सच पाऊण किलोच्या वर. मनगट दुखायला लागलं आणि हळूहळू कॅमेरा घरीच राहायला लागला. फोटो कमी होताहेत हे माझ्या लक्षात आलं नाही, सूनबाईंच्या आलं. "आई, नातवाचे पहिल्या वर्षाचे इतके फोटो आहेत आणि दुसऱ्याचे इतकेच?" असं तिनं विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मग मायक्रो फोर थर्ड्सकडे वळले. २००८ साली ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मिळून हे माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जोडणी, आणलं. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेमच्या रुंदीच्या साधारण निम्मा, त्यामुळे लेन्सही लहान. माझी आवडती ऑलिंपसची ४५ एमएम एफ/१.८, वजन ११६ ग्रॅम. चौकट फुल फ्रेमवरच्या ९० एमएमसारखी मिळते, माणसांच्या चेहऱ्यांना अगदी योग्य.

उणं सांगायलाच हवं : एफ/१.८वर पार्श्वभूमी विरघळते ती फुल फ्रेमच्या एफ/३.६इतकीच, आणि अंधारात दाणे लवकर दिसतात. मला ते चालतं. कॅमेरा परत रोज खांद्याला असतो आणि नातवाच्या तिसऱ्या वर्षाचे फोटो मोजवत नाहीत.

* * *

काकू, तुमचं वाचून धीर आला, वजनाबद्दल बोलायला लोक लाजतात.

माझी चुकलेली खरेदी. ५० एमएम वापरलेली मिळत होती, माउंट माझ्याच कॅमेऱ्याचं, उचलली. घरी येऊन लावली तर ऑटोफोकस होईना. त्या लेन्सच्या पोटात फोकसची मोटरच नव्हती, ती बॉडीतल्या मोटरवर फिरायची, आणि माझ्या सुरुवातीच्या बॉडीत ती मोटर दिलेली नव्हती. माउंट जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं मी धरून चाललो होतो. वर्षभर हातानं फोकस केला, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका बघत बघत. घरातली धावती मुलं काही साधली नाहीत. वापरलेली लेन्स घेताना आपली बॉडी सोबत न्या, लावा, चार फोटो काढा.

* * *

वापरलेल्या वस्तूंचा विषय निघालाच आहे तर बुरशीबद्दल लिहितो, कारण यात मी एक चांगली लेन्स गमावली आहे. वरून काच स्वच्छ दिसते. अंधाऱ्या खोलीत जा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. माझ्या लेन्सच्या आतल्या भिंगावर एका कडेनं पांढरे धागे फुटले होते, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, झाडाच्या मुळांसारखे पसरत मध्याकडे निघालेले. थोडी धूळ चालते, फोटोत ती दिसत नाही. धागे दिसले तर लेन्स घेऊ नका. उजेडाकडे तोंड केलं की सगळा फोटो पांढुरका पडतो, आणि फार दिवस राहिली तर बुरशी काचेवरचं कोटिंगही खाते, ते साफसफाईनं परत येत नाही.

आता मी हवाबंद डब्यात ठेवतो : सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. चामडी केस प्रवासापुरती. ती ओल धरते, त्यात लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नये. आणि वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारून घ्या.

* * *

पक्षी.

७०-३००पासून सुरुवात केली. दीडपट क्रॉपवर ४५० एमएमसारखी चौकट मिळते, पुरेल असं वाटलं होतं. नाही पुरली. मग १५०-६००ची झूम आली, दोन किलोच्या आसपास. बसलेल्या पक्ष्याला ट्रायपॉड किंवा कशाचाही टेकू चालतो. उडणाऱ्याला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागतं, म्हणजे सकाळी लवकर आयएसओ चढणारच. पण मला मिळालेला सर्वांत चांगला खंड्या जुन्या ७०-३००वरच आहे. एका फांदीवर तो रोज येऊन बसतो हे कळल्यावर चार दिवस अलीकडे बसून राहिलो, पाचव्या दिवशी तो पंचवीस पावलांवर आला. दोन्ही लेन्स अजून आहेत. लांब चालायचं असेल तर लहानच नेतो.

* * *

किड्यांचे फोटो काढायचे होते आणि मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लेन्स परवडत नव्हती, म्हणून एक्स्टेन्शन ट्यूब घेतल्या. पोकळ नळी असते, आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून दूर जाते म्हणून जवळचं फोकस होतं. हिशेब सोपा आहे : नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ. ५० एमएमला २५ची नळी लावली तर अर्धपट वर्धन वाढतं, ५०ची लावली तर एकास एक. उजेड कमी होतो आणि किड्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं. बिनसंपर्काच्या स्वस्त नळ्या घेऊ नका, ज्यांचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून विजेनं चालतं त्या लेन्स त्यांच्यावर उघड्याच अडकून राहतात. धातूचे संपर्कबिंदू असलेल्या घ्या.

पानावर बसलेल्या उडीमार कोळ्याचे पुढचे दोन डोळे त्या नळीतून पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. स्पष्ट पट्टा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. डोळे लख्ख, पाय धुक्यात, आणि एका डोळ्यात खिडकीचा पांढरा चौकोन. पुढे मी १०० एमएम मॅक्रो घेतली, कारण अंतर मिळतं आणि किडा पळत नाही. पण नळ्या विकणार नाही.

* * *

एकच लेन्स, तीही न निघणारी. कॅमेरा रिको जीआर थ्री, २८ एमएमसारखी चौकट, बॅटरीसकट २५७ ग्रॅम. व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात पडदा नीट दिसत नाही. झूम नाही म्हणून पाय चालतात. खिशात मावतो म्हणून सोबत असतो, माझ्या गरजेला एवढं पुरतं.

* * *

माझा अनुभव जुन्या लेन्सचा. बाबांचा फिल्म कॅमेरा होता, निकॉनच्या एफ माउंटचा. हे माउंट १९५९ सालचं. बाबा गेल्यावर कॅमेरा तसाच ठेवला होता. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तेव्हा कळलं की या लेन्स त्यावर लागतात : एफ माउंटमध्ये लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर असते, सोनीच्या ई माउंटमध्ये १८, निकॉनच्या मिररलेस झेड माउंटमध्ये १६. मधली जागा साध्या धातूच्या ॲडॅप्टरनं भरून निघते, काच लागत नाही. (उलटं, म्हणजे मिररलेसची लेन्स जुन्या बॉडीवर, होत नाही.) फोकस हातानं, पीकिंग चालू केलं की स्पष्ट कडा रंगीत दिसतात, त्यामुळे सोपं जातं.

लेन्स पुसताना दिसलं की ॲपर्चरच्या रिंगवर बाकी सगळे आकडे शाबूत आहेत, फक्त ८च्या दोन्ही बाजूंचे दात गुळगुळीत झालेत. बाबा तिथेच काढायचे. मी पहिला रोजचा फोटो म्हणून त्यांच्या खुर्चीचा काढला, एफ/८वर.

* * *

नवीन आहे, सगळं वाचलं. माझ्याकडे अजून कॅमेराच नाही, फोनवर काढते. मग फोकल लेंग्थचा हिशेब कसा करायचा?

* * *

फोनच्या फोटोंतही ती नोंद असते, बहुतेक वेळा फुल फ्रेमच्या मापात. मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ धरा. तुमचे गेल्या सहा महिन्यांतले आवडते पन्नास फोटो वेगळे काढा आणि बघा : किती ठिकाणी चिमटीनं झूम केलंय, किती अंधारात हललेत, किती वेळा मूल किंवा मांजर निसटलंय. ते पन्नास बघून काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.