सल्ला हवा: बाबांना जनरल ग्रँट समजून घ्यायचाय, कुठून सुरुवात करावी?

रानजाई:
बाबा (वय ७३) इतिहासाचे निवृत्त शिक्षक. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५, उत्तर विरुद्ध दक्षिण) त्यांनी आयुष्यभर दोन परिच्छेदांत शिकवलं, ही रुखरुख त्यांना आहे. सप्टेंबरमध्ये ते बहिणीकडे सेंट लुईसला दीड महिना जाणार आहेत. त्या युद्धातला उत्तरेचा सेनापती ग्रँट, त्याच्याबद्दल काय वाचावं, काय बघावं? इंग्रजी सावकाश वाचतात. गुडघे दुखतात, त्यामुळे चालणं बेताचं.

नदीकाठचा:
रानजाईताई, ते नेमक्या गावी चाललेत. सेंट लुईसलाच व्हाइट हेवन आहे, ग्रँटच्या बायकोचं, ज्युलियाचं माहेर. १८५४ मध्ये लष्कराचा राजीनामा देऊन आलेला हा माणूस त्याच भागात शेती करायचा आणि जळाऊ लाकूड गाडीत भरून शहरात विकायचा. सासरे गुलाम राखणारे. ग्रँटकडेही विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. १८५९ मध्ये घरात पैशाची चणचण असताना ग्रँटने त्याला विकलं नाही, रीतसर कागद करून मुक्त केलं. पुढच्याच वर्षी ग्रँट इलिनॉयमधल्या गलीना गावी वडिलांच्या कातड्याच्या दुकानात कामाला लागला, आणि १८६४ च्या मार्चमध्ये उत्तरेच्या सगळ्या फौजांचा प्रमुख झाला! बाबांनी आधी ते घर बघावं, मग लढाया.

पानगळ:
माझं मत व्हिक्सबर्गला, दक्षिणेचा नदीवरचा बालेकिल्ला, जो ग्रँटने जिंकला. सेंट लुईसहून गाडीने पूर्ण दिवस जातो, मुक्काम धरूनच जा. मिसिसिपीच्या वळणावर उंच कड्यावर शहर, खाली नदीवर तोफांचा मारा. ग्रँटने कालवे खणून बघितले, जमलं नाही. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री जहाजं तोफांच्या समोरून खाली काढली, सैन्य पलीकडच्या काठाने चालत गेलं आणि ३० एप्रिलला शहराच्या दक्षिणेला नदी ओलांडली. तिथून तो थेट व्हिक्सबर्गवर गेला नाही. आधी पूर्वेला जॅक्सन घेतलं, म्हणजे पाठीवर कोणी येऊ नये. नकाशा समोर ठेवून हे वाचलं की त्याची बुद्धी दिसते. नंतरचे दोन थेट हल्ले मात्र फसले, मग वेढा. ४७ दिवसांनी, ४ जुलैला, शहर पडलं.
तिथल्या इलिनॉय स्मारकाला ४७ पायऱ्या आहेत, दिवसाला एक. बाकीचं मैदान गाडीतून बघता येतं. कैरो ही चिलखती युद्धनौका चुकवू नका. १८६२ मध्ये सुरुंगाने बुडाली, शंभर वर्षांनी चिखलातून वर काढली.

चौथा कट्टा:
वाचायला ग्रँटच्या आठवणीच घ्या. हक्क संपलेत, नेटवर फुकट मिळतात, टॅबवर अक्षर मोठं करता येतं. वाक्यं इतकी साधी की बाबांना शब्दकोश फारसा लागणार नाही. १८८४ मध्ये भागीदाराने फसवून कंगाल केलं, पाठोपाठ घशाचा कॅन्सर. बायकोच्या पोटाची सोय व्हावी म्हणून शाल गुंडाळून लिहीत बसायचा. हस्तलिखित पुरं झालं आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ ला गेला.
शिपाई फार मारवले म्हणून त्याला ‘कसाई’ म्हणतात, त्याबद्दल कोल्ड हार्बरच्या लढाईवरचं प्रकरण वाचा: तिथला शेवटचा हल्ला केल्याची खंत त्याने स्वतः लिहिली आहे. पण डिसेंबर १८६२ मध्ये ज्यूंना आपल्या हद्दीतून घालवण्याचा जो हुकूम काढला, जो लिंकनने रद्द करवला, त्याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. ते वेगळं वाचायलाच हवं.
ॲपोमॅटॉक्सचं प्रकरण शेवटी ठेवा, तिथे दक्षिणेचा सेनापती ली ग्रँटला शरण आला. ९ एप्रिल १८६५. ली नव्या गणवेशात, कमरेला तलवार. ग्रँट चिखलाने भरलेल्या शिपायाच्या डगल्यात. लीने शब्द टाकताच घोडे-खेचरं शिपायांना घरी नेऊ दिली, पेरणीला लागतील म्हणून.
आणि हो, १८७९ च्या फेब्रुवारीत जगप्रवासात हा माणूस मुंबईलाही उतरला होता.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना धागा वाचून दाखवला. आजोबांची शेती बैलांवर चालायची. घोड्यांचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. व्हिक्सबर्गचा मुक्काम ठरलाय, पायऱ्या हळूहळू चढणार म्हणतात. आता मोठा नकाशा कुठे छापून मिळेल तेवढं सांगा.