‘याम’ला मराठीत काय म्हणावे? रताळे, सूरण की कोनफळ?

प्रश्न :
नायजेरियातल्या ईग्बो खेड्यातली एक कथा मराठीत आणते आहे. तिच्यात पानोपानी ‘याम’ येतो. घरधनी याम पिकवतो, पाहुणा आला की याम कुटून वाढतात, कुणाकडे किती याम आहेत यावर त्याची पत ठरते. एका कोशात अर्थ दिलाय ‘रताळे’, दुसऱ्यात ‘सूरण’. अमेरिकेतली मावसबहीण सांगते, तिकडे थँक्सगिव्हिंगला याम म्हणून जे करतात ते नारिंगी गराचं रताळंच असतं. मग रताळे लिहू का?

प्रतिसाद :
ताई, रताळे अजिबात नको. मराठी वाचकाला लगेच एकादशी आठवेल, कीस आणि गुळातल्या काचऱ्या आठवतील, आणि त्या घरधन्याची सगळी पतच जाईल.

ईग्बो लोकांचा याम ‘डायोस्कोरिया’ प्रजातीतला. त्याची सख्खी भावंडं आपल्या कोकणात आहेत : कोनफळ, करांदे, कणगर (तळकोकण-गोव्यात काटेकणंग). रताळं गणेशवेलीच्या, किनाऱ्यावरच्या मर्यादवेलीच्या गोतातलं. फूल पाहिलं की नातं कळतं.

दोन्ही शेजारी ठेवून कापून बघा. रताळ्याची साल पातळ, नखाने खरवडता येते. काप दिला की कडेने पांढरा चीक येतो आणि थोड्या वेळाने काळा पडतो. कच्चं खाल्लं तरी गोडच. कोनफळाची साल झाडाच्या सालीसारखी खरबरीत, आत जांभळा गर, आणि चिरताना सुरी हातातून निसटेल इतका बुळबुळीतपणा. काहींच्या हाताला खाजही सुटते. ते शिजवल्याशिवाय खात नाहीत. वेलही वेगळी. रताळ्याची जमिनीवर पसरते, कोनफळाची आधाराला गुंडाळत वर चढते, खोड चौधारी आणि प्रत्येक धारेला पातळ पंख. शास्त्रीय नावातलं ‘अलाटा’ म्हणजे हेच, पंखवाली. करांद्याला तर पानांच्या बेचक्यात, वेलीवरच कंद लागतात. रानातले करांदे इतके कडू की काप राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात.

सूरण या भांडणात मुळात नाहीच. ते अळूच्या कुळातलं. आपल्याकडच्या इंग्रजी मेनूकार्डावर त्याला याम म्हणतात, कोशात बहुधा तिथूनच आलं असावं.

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तिथल्या रताळ्याला आपल्या कंदाचं नाव दिलं. पुढे 1930 च्या दशकात लुईझियानात मऊ, नारिंगी गराची वाणं आली तेव्हा इतर राज्यांतल्या फिक्या, कोरड्या रताळ्यांहून ती वेगळी दिसावीत म्हणून ‘याम’ या नावानेच विकली गेली. तिकडच्या कृषी खात्याचा नियम असा की वेष्टनावर याम लिहिलं तर सोबत ‘स्वीट पोटॅटो’ही लिहायचं.

दुसरा प्रतिसाद :
आम्ही बडोद्याचे मराठी. इथे भाजीवाल्याकडे ‘रताळु’ मागितलं तर तो जांभळा कंद हातात ठेवतो. रताळं हवं असेल तर ‘शक्करियां’ म्हणायचं. उंधियूत दोन्ही पडतात, त्यामुळे पुण्याहून नवी सून आली की पहिल्या हिवाळ्यात पिशवीतून भलतंच घरी येतं. गुजराती लोक आपला शब्द चुकीचा वापरतात असंच आमच्याकडे समजतात.

प्रतिसाद :
दादा, उलट आहे. जुना अर्थ गुजरातीनेच सांभाळलाय. दोन्ही शब्द संस्कृत ‘रक्तालु’वरून आले, आणि मोनियर-विल्यम्सच्या कोशात रक्तालु म्हणजे डायोस्कोरियाचीच एक जात. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आलं. नवा पाहुणा लालसर सालीचा होता, घरातल्या लाल कंदाचं नाव मराठीने त्याला देऊन टाकलं. लुईझियानात झालं तेच आपल्याकडे कितीतरी आधी झालंय.

याची पुढची कडी मला फार आवडते. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो भाषेतला, आणि तिथे ‘बटाटा’ म्हणजे रताळं. पोर्तुगीजांनी तो बटाट्याला लावला, आपण त्यांच्याकडून घेतला. म्हणजे आज मराठीत बटाटा रताळ्याच्या नावाने नांदतो आणि रताळं कोनफळाच्या.

प्रश्नकर्ती :
मग ‘कोनफळ’ लिहू? लातूर-नागपूरच्या वाचकाला कळेल का? आणि कथेत गर पांढरा आहे.

प्रतिसाद :
म्हणूनच मी ‘याम’ ठेवेन. कोनफळ म्हटलं की जांभळा रंग आलाच. पहिल्या उल्लेखाला ‘कोनफळाच्या जातीचा पांढरा कंद’ एवढं वाक्यातच गुंफा, पुढे नुसता याम. कुटलेल्या यामाला ‘लगदा’ म्हणू नका. उकडून उखळात कुटला की त्याचा चिवट, गुळगुळीत गोळा होतो, तो तोडून रश्श्यात बुडवून खातात. नव्या पिकाचा सण असेल तर त्याला ‘नवं’ म्हणा. देवाला आणि पितरांना वाहिल्याशिवाय नवा याम तोंडात घालायचा नाही, ही रीत कोकणातल्या वाचकाला ओळखीची वाटेल.

प्रश्नकर्ती :
कोठाराच्या वर्णनात मी ‘याम पोत्यांत भरून रचले होते’ असं केलंय. चालेल?

प्रतिसाद :
पोती काढा. ईग्बो कोठारात उभ्या काठ्या रोवलेल्या असतात, आणि प्रत्येक काठीला याम एकावर एक दोरीने बांधत नेतात. हवा खेळती राहते आणि कंद कुजत नाहीत.