बँडसॉवर रेघ न मारता छोटे प्राणी: पाय मोडतायत, पातं अडकतंय

करवतवाली, कोथरूड

नमस्कार. मी बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षापर्यंत लाकडाशी संबंध पोळपाटापुरता होता. भाच्याच्या दिवाळीच्या किल्ल्यावर कुंभारवाड्यातून आणलेलं मातीचं सैन्य असतं, त्यात वाघ मावळ्यापेक्षा लहान आणि गाय बुरुजाहून उंच. यंदा प्राणी घरीच करायचे म्हणून एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आठ इंची, टेबलावर बसणारा जुना बँडसॉ (दोन चाकांवर गोल फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत) घेतला.

कागदावर चित्र काढून, चिकटवून, रेघेवरून कापून पाहिलं. नजर रेघेवरच राहते आणि प्राणी पेंढा भरल्यासारखा निघतो. मला मनात धरून सरळ कापायचंय. तीन इंच लांब, पाऊण इंच जाड.

मशीनवर १० मिमी रुंदीचं पातं आहे. पोटाखालची कमान घ्यायला गेलं की ते अडकतं, लाकूड करपतं, धूर येतो. एकदा चालू मशीनवर लाकूड मागे ओढलं तर पातं चाकावरून उतरलं, माझे पाय लटपटले. सहापैकी चार प्राण्यांचे पाय मोडले. एवढासा तुकडा हातात धरायचीही भीती वाटते. लाकूड पॅकिंगच्या खोक्याचं पाईन.

भाच्याला गवा हवाय. २०२० च्या डिसेंबरात आमच्या कोथरूडमध्ये गवा शिरला होता आणि त्या धावपळीत बिचारा गेला. ती गोष्ट त्यानं आजीकडून इतक्यांदा ऐकलीय की वाघसिंह त्याच्या खिजगणतीत नाहीत. माझे सगळे गवे डुकरांसारखे दिसतात. फोटो टाकत नाही.

ढिला_स्क्रू

चुकीचं यंत्र घेतलंत. या कामाला स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पातं वरखाली करणारी करवत. पातं सुतळीएवढं, जागच्या जागी वळतं, बोटंही शाबूत राहतात. बँडसॉ विका.

जुना_पॅटर्नमेकर, हडपसर

विकू नका ताई. स्क्रोल सॉ वाईट नाही, पण तो लाकूड कुरतडतो. तुम्हाला जे हवंय, एका दमात पाठ काढणं, ते बँडसॉवरच जमतं.

मी एकतीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने. बीड थंड होताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून आमची फूटपट्टीच तेवढी मोठी असायची. ती एकदा घरी राहिली आणि सौ.नी तिच्यावर पडद्याचं कापड मोजलं. सात फुटी पडदे पाऊण इंचाहून जास्त लांब, अजून जमीन झाडतायत. असो.

पहिलं पातं बदला. १० मिमीचं पातं सुमारे ३८ मिमी त्रिज्येपेक्षा आखूड वळण घेत नाही. ६ मिमीचं १६ पर्यंत, ३ मिमीचं ५ पर्यंत. तुमच्या प्राण्याच्या दोन पायांत इंचभर जागा, म्हणजे कमानीची त्रिज्या १२-१३ मिमी. आता ते का अडकतं ते तुम्हीच बघा. ३ मिमी, इंचाला १४ दात असं मागा. मात्र एवढ्या अरुंद पात्याला बाजूचे लोखंडी गाइड (पात्याला सरळ धरणारे ठोकळे) घासले तर दातांचा सेट, म्हणजे त्यांचा डावी-उजवीकडचा बाक, जातो. गाइडच्या जागी शिसवाचे किंवा कुठल्याही कठीण लाकडाचे ठोकळे बसवा आणि वरचा गाइड लाकडापासून पाव इंचावर आणा. नव्या पात्याच्या पाठीचे कोपरे मशीन चालू ठेवून धारेच्या दगडानं हलके मारले की वळताना ते लोण्यासारखं फिरतं. त्याआधी आतला भुसा साफ करा, ठिणगी पडते.

आता पाय का मोडतात ते. तुमचा प्राणी फळीत आडवा पडलाय. म्हणजे लाकडाच्या रेषा नाकापासून शेपटीकडे आणि पाय रेषांना आडवे. अशा पायाला नुसतं दाबलं तरी तो कपचीसारखा सुटतो. पाय रेषांच्या दिशेनंच हवेत.

म्हणून तुकडा घेऊ नका, पट्टी घ्या. दोन फूट लांब, तीन इंच रुंद, रेषा लांबीत. प्राणी पट्टीच्या टोकाला, पाय टोकाकडे, पाठ तुमच्या हाताकडे. पाय, शिंगं, पायाला चिकटलेली शेपटी, सगळं रेषेत येतं आणि धरायला भरपूर लाकूड मिळतं. आधी पायांमधली जागा: टोकाकडून पोटापर्यंत दोन-तीन सरळ काप घ्या, मग कमान घ्या, मधले तुकडे आपोआप गळतात. मागे यायचंच असेल तर मशीन बंद, चाक थांबू दे, मग या. नंतर छाती आणि ढुंगण. पाठ सगळ्यात शेवटी, कारण पाठ कापली की प्राणी सुटला. तो काप घेताना पट्टी उजवीकडे ठेवा, डावीकडे मशीनचा खांब आहे, त्याला अडते. सुटलेला प्राणी बोटानं उचलायचा नाही, काठीनं सरकवायचा. पट्टी वितभर उरली की चुलीत घाला, जीव नका टाकू तिच्यात. हातमोजे नाहीत, बांगड्या नाहीत, ओढणी नाही.

आणि गवा. डुकरासारखा दिसतो कारण तुम्ही पाठ गोल काढताय. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा असतो आणि तिथे तो एकदम पायरीसारखा उतरतो. मागून पाठीवर या, पायरी चढा, मग खांद्यापर्यंत जवळजवळ सपाट. डोकं खाली. बाकी चुकलं तरी चालतं, पण ही पायरी चुकली की म्हैस.

रेघ न मारता कापायचं तर आकार हातात बसायला लागतो. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघा. घोडा, मोर, सगळं दोन-चार वळणांत. नुसत्या कडेवर प्राणी ओळखू येतो की नाही, याचं मला ठाऊक असलेलं ते सगळ्यात चांगलं दुकान.

वखारवाला_पोरगा

लाकडाबद्दल. खोक्याचं पाईन सोडा, त्यात तुटलेले खिळे असतात, एका खिळ्यात ३ मिमीचं पातं संपलं. भवानी पेठेत टिंबर मार्केटला कापणीनंतरचे कटपीस वजनावर मिळतात, सकाळी लवकर जा. शिवण मिळाली तर डोळे मिटून घ्या: हलकी, फार हलत नाही, कापायला मऊ. सागवान दिसतं छान, पण त्यातली सिलिका दात बोथट करते. पावसाळ्यात घेतलेलं लाकूड महिनाभर घरात उभं करून ठेवा.

करवतवाली

काका, पट्टीची युक्ती! एवढे दिवस मी तुकडाच धरत होते. ३ मिमीचं पातं रविवार पेठेत तिसऱ्या दुकानात मिळालं. पहिल्या दुकानदारानं "साहेबांना पाठवा" म्हणून सांगितलं. साहेब घरी पोळ्या करत होते.

आणखी एक. बाजूनं गवा दिसतो, पण समोरून बघितलं तर बिस्किट. समोरूनही कापता येईल का?

जुना_पॅटर्नमेकर, हडपसर

येतं. मग पाऊण इंच चालणार नाही, पट्टी दीड इंच जाड हवी. बाजूचा आकार कापताना पडलेले तुकडे फेकायचे नाहीत. ते परत जागच्या जागी बसवून कागदी चिकटपट्टीनं गुंडाळा, की पट्टी पुन्हा चौकोनी झाली. मग ती कडेवर उभी करून दुसऱ्या अंगानं कापा. तुकडे लावायचे ते दिसण्यासाठी नाही. बँडसॉचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं. खाली पोकळी असेल तर लाकूड झटक्यात फिरतं आणि बोट त्याच्याबरोबर जातं. यासाठी पाठीचा काप पूर्ण करू नका, अर्धा इंच जोडलेला ठेवा, तो सगळ्यात शेवटी सोडवा.

ढिला_स्क्रू

जर्मनीत सायफेन नावाच्या गावात उलटंच करतात. ओल्या स्प्रूसचं (पाईनसारख्या झाडाचं) कडं लेथवर कातायचं, आणि मग ते केकसारखं चिरलं की प्रत्येक फोडीत एक प्राणी. कातताना कारागिराला प्राणी दिसतही नाही. बँडसॉबद्दलचं मत कायम आहे, पण काकांचं गव्याच्या पायरीचं बरोबर आहे.

करवतवाली

नववा गवा जमला. शिवण मिळाली नाही, आंब्यावर केला. पायरी आली, डोकं खाली गेलं, चारी पाय शाबूत. गुडघ्याखाली पांढरे मोजे रंगवले, अंगाला अळशीचं तेल. भाच्यानं पाच मिनिटं उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बाकीचे कुठायत?" आधीचे आठ काढून दिले. ती आता तटाखाली रानडुकरं म्हणून उभी आहेत, मोडक्या पायांची मातीत रोवून.

जुना_पॅटर्नमेकर, हडपसर

अळशीचं तेल लावलेली चिंधी चुरगाळून डब्यात टाकली असेल तर आत्ता उठा आणि गॅलरीत दोरीवर पसरा. बोळा आपोआप तापून पेट घेतो. गव्याचा फोटो टाका, आता लाजायचं कारण नाही.