मदत हवी आहे: टॅली आणि एक्सेलमधील आंब्याच्या नोंदी पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कशा जुळवाव्यात?

रत्नागिरीत आमचा हापूसचा व्यवसाय आहे. बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, तर बागेतली आवक आणि डागी फळ एक्सेलमध्ये नोंदले जाते. त्यामुळे वाशीच्या घाऊक बाजारात पाठवलेला माल परवडला की थेट ग्राहकाला दिलेला, हे हंगाम सरल्यावरच कळते, आणि तेव्हा त्या माहितीचा उपयोग उरत नाही.

पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये दोन्ही फायली पॉवर क्वेरीने (त्यातल्याच माहिती आणून जोडण्याच्या साधनाने) जोडून पाहिल्या. परंतु विक्री पेटीवर आणि आवक डझनावर असल्याने, शिवाय फळाच्या आकारानुसार पेटीत साधारण ४ ते ८ डझन बसत असल्याने, बेरजा जुळत नाहीत. अहवाल एकाच संगणकावर पाहायचा आहे, म्हणून सशुल्क परवाना नको.

प्रतवारीनुसार पेटी-डझनाचा वेगळा तक्ता करून तो दोन्हींना जोडावा, की टॅलीतच पर्यायी एकक (त्याच मालाचे दुसरे माप) लावून मूळ नोंद डझनात आणावी?