मदत हवी आहे: जुन्या फ्लॅटमध्ये हॉट अँड कोल्ड एसी, बाहेरचा डबा (आउटडोअर) टांगायचा कुठे?

नमस्कार मंडळी,

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमची १९८४ सालची इमारत आहे. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आई ७९ वर्षांची. ती उत्तरेकडच्या खोलीत झोपते, १० बाय १२ची. डिसेंबर लागला की गुडघे आणि दमा दोन्ही एकदम उचल खातात. निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्याचे फोटो पेपरात येतात आणि आमच्याकडे आई रात्री तीन वाजता उठून बसलेली असते.

गेली दोन वर्षं ऑइल हीटर वापरला. २००० वॅटचा. बिल बघून यंदा भिंतीवरचा हॉट अँड कोल्ड (थंडीत गरम, उन्हाळ्यात गार हवा देणारा) इन्व्हर्टर एसी घ्यायचं मनात आहे, १ टनाचा. उन्हाळ्यात ४० अंशांतही उपयोग होईल. (आईचं म्हणणं, कोळशाची शेगडी आण आणि दार लाव. बंद खोलीत शेगडीचा धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो, माणूस झोपेतच जातो, हे तिला सांगून थकलो.)

दुकानात एक नग पाहिला. विक्रेता म्हणाला, "साहेब, नाशिकला हीटिंगचा काय उपयोग? साधा घ्या." त्याच्याकडे स्टॉकमध्ये साधेच होते, ते नंतर कळलं.

अडचणी अशा:

उत्तरेच्या भिंतीवर खिडकीचा छज्जा आहे. आउटडोअर तिथे ठेवावा असं वाटतं, पण छज्जाच्या खालच्या बाजूला पोपडे आलेत. सोसायटीने मागच्या वर्षीच रंग दिलाय, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला भोक म्हटलं की अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या. सेक्रेटरी म्हणतात, बाथरूमच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) टाका, कुणाला दिसणार नाही. वायरिंग मूळचंच आहे. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट दिसतो.

घ्यावा का, आणि घेतला तर टांगायचा कुठे? अनुभव असेल त्यांनी सांगा.

गोदाकाठ: ऑइल हीटर आहे ना? मग कशाला खर्चात पडता? थंडी फार तर दीड-दोन महिन्यांची. कानटोपी, गोधडी आणि झोपण्याआधी तासभर हीटर. आमची आजी अशीच ९० पार गेली.

तांब्याचीनळी: काका, तुमच्या आजीला दमा नव्हता बहुतेक. मी एसीच्या कामात १८ वर्षं आहे, सिडकोत दुकान आहे, विकत काही नाही, दुरुस्ती करतो.

हीटर १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो, तेलाचा असो नाहीतर कॉइलचा. हॉट अँड कोल्डमध्ये उष्णता तयार करत नाहीत, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतात. उन्हाळ्यात गॅस ज्या वाटेने फिरतो ती वाट एक व्हॉल्व्ह उलटी करतो, बस. बाहेर ८-१० अंश असताना १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता खोलीत येते. लडाखमध्ये गोष्ट वेगळी, पण आपल्या थंडीला हे यंत्र अगदी मानवतं. फक्त घेताना डब्यावरचे स्टार बघून फसू नका, ते थंड करण्याच्या कामगिरीचे असतात. हीटिंगची क्षमता आणि त्याला लागणारे वॅट माहितीपत्रकात वेगळे छापलेले असतात, ते वाचा.

आता डक्ट. सेक्रेटरीसाहेबांना नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. हीटिंगला आउटडोअर गार हवा बाहेर फेकतो. डक्टमध्ये ती गार हवा खाली साचते, आणि मशीन तीच पुन्हा ओढतं. थोड्या वेळाने स्वतःच केलेल्या गारठ्यातून उष्णता शोधत बसतं. उन्हाळ्यात उलटं, स्वतःच्याच गरम हवेत उकडतं. शिवाय डक्टमध्ये दुरुस्तीला उतरायचं कुणी? मी उतरलोय, गुडघाभर कबुतरांची घाण होती.

मीटरबोर्ड: एसी नंतर. आधी बोर्ड उघडा. १९८४चं मूळ वायरिंग म्हणजे तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या पिनमागे अर्थची वायर असेलच असं नाही. काही घरांत तर कुण्या वायरमनने त्या पिनला न्यूट्रलच (करंट परत नेणारी वायर) जोडून ठेवलेला असतो. न्यूट्रल कुठे तुटला की एसीच्या पत्र्यात करंट. परवानाधारक वायरमन बोलवून तपासा, स्वतः टेस्टर घेऊन बसू नका.

एसीला मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, तिला २० अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). १ टनाचा नग ५-६ अँपियरच घेतो, पण पुढे कुणी दीड टनाचा बसवला तर पुन्हा भिंत फोडायला नको. आणि महावितरणकडे भार वाढवून घ्या. १ किलोवॅटवर गीझर आणि एसी एकदम चालवणं बरोबर नाही. अर्ज ऑनलाइन होतो.

गोदाकाठ: म्हणजे एसीपेक्षा वायरिंगलाच जास्त!

मीटरबोर्ड: काका, ते वायरिंग एसी नसतानाही बदलायलाच हवं आहे.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. रविवारी वायरमन येऊन गेला. अर्थची वायर बोर्डापर्यंत आहे, पण खाली मीटरच्या खोलीत ती कशालाच जोडलेली नाही. चाळीस वर्षं आम्ही त्यावर मिक्सर, इस्त्री, फ्रिज सगळं चालवलं. इमारतीचं अर्थिंग नव्याने करायला अध्यक्ष एका मिनिटात तयार झाले, कारण ते सगळ्यांच्याच घरातलं निघालं. भोकाचा विषय तेव्हाच काढून घेतला. म्हणाले, मागच्या बाजूने करा.

छज्जावर गवंड्याने हातोडी वाजवली. पोकळ आवाज. एक पोपडा निघाला तर आतली सळई गंजून फुगलेली. २५-३० किलोचं धूड वर ठेवायचं धाडस नाही, खालून मुलं शाळेत जातात.

आता एकच जागा उरते, हॉलची गॅलरी. फरशीवर स्टँड ठेवून. पण आईच्या खोलीपासून गॅसचा तांब्याचा पाइप ८ मीटर जातो, पॅसेजच्या माळ्यावरून. चालेल का? आणि ड्रेनचं (गार करताना आतल्या नगातून गळणारं) पाणी ८ मीटर उतारावर कसं न्यायचं? माळा तर सपाट आहे.

तांब्याचीनळी: ८ मीटर चालतो. कमाल लांबी कंपनीच्या पुस्तकात असते, तिच्या आत राहा. नगासोबत साधारण ३ मीटरचा पाइप येतो, वरच्या लांबीचे पैसे वेगळे. भरून आलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो. त्यापुढे मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचा तेही त्याच पुस्तकात असतं. अंदाजाने गॅस मारणारा माणूस आला तर चहा पाजून परत पाठवा. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा. बरेच जण थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणतात. आत ओल राहिली की कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांत बोंबलतो. गॅस नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन, एकत्र गुंडाळायचे नाहीत.

ड्रेन तांब्याच्या पाइपासोबत जायला हवा असं कुणी सांगितलं? तो आईच्या खोलीतच उत्तरेच्या भिंतीतून थेट बाहेर काढा आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडा. एक इंचाचं भोक, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, हातोडी-छिन्नीने नको, कोअर कटिंगने (गोल फिरणाऱ्या कटरने). ९ इंची जुनी वीट आहे, ठोकली की आतून ढासळते.

हिवाळ्यात मात्र पाणी आउटडोअरखाली पडेल. गारठ्यात बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं, ते वितळवायला मशीन मध्येच काही मिनिटं उलटं चालतं. तेवढ्यात आत गरम हवा थांबते आणि बाहेर वाफ निघते. आईंना आधीच सांगून ठेवा, बिघडलं म्हणून घाबरतील. स्टँडखाली ट्रे ठेवून पाणी गॅलरीच्या जाळीकडे वळवा, नाहीतर खालच्यांच्या वाळवणावर टपकेल.

आणि गॅलरीला स्लायडिंगच्या काचा असतील तर पंख्यासमोरची काच कायमची काढा. समोर काहीही ठेवायचं नाही.

धागाकर्ता: काचा नाहीत. समोर तुळस आहे, आईची. रात्रभर गार वारा तिच्यावर. आज संध्याकाळी विषय काढतो, मग कळवतो.