तुलनात्मक शिक्षण शिकायचं कशासाठी?

माणदेशी मास्तर, दहिवडी
एम.एड.ला तुलनात्मक शिक्षणाचा, म्हणजे देशोदेशीच्या शिक्षणपद्धती शेजारी ठेवून अभ्यासायचा, पेपर घेतलाय. नोट्समध्ये नुसते रकाने: फिनलंड, जपान, इंग्लंड, भारत. फिनलंडचं मूल सातव्या वर्षी शाळेत जातं, हे पाठ झालं. पण माझ्या वर्गातली चार पोरं दिवाळी झाली की मेंढरांमागं जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यासाठी या विषयातून काय हाती लागतं? आणि तो पुढं कुठल्या वाटेनं जावा?

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा
सर, रकाने या विषयाला जन्मापासून चिकटलेत. १८१७ मध्येच फ्रान्सच्या ज्युलियन यांनी देशोदेशीच्या शाळांसाठी प्रश्नावली काढली होती. पण १९०० मध्ये इंग्लंडच्या मायकेल सॅडलर यांनी बजावलं, की बागेत हिंडून इथलं फूल, तिथलं पान खुडून घरच्या मातीत खोचलं म्हणून झाड जगत नाही. शाळेबाहेर काय चाललंय ते आधी बघा. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी तेच पाहिलं. पोरगं राहील कुठं, खाईल काय? म्हणून वसतिगृह, म्हणून ‘कमवा आणि शिका’. तुमची चार पोरं फिनलंडशेजारी ठेवू नका, मंगोलियाशेजारी ठेवा. तिथं गुराख्यांच्या मुलांसाठी शाळेला जोडून वसतिगृहं आहेत.

जतची शिक्षिका
मी तर म्हणते, परदेशीही जायला नको. माझी शाळा कर्नाटकच्या हद्दीला लागून. निम्म्या पोरांच्या घरी कन्नड, वर्गात मराठी. एक मुलगी ‘पंचवीस’ ऐकलं की ५२ लिहायची. मी महिनाभर चुकीची फुली मारत होते. मग तिच्या आजीकडून कळलं, कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. मराठीत आधी पाच. पोरगी ऐकलं त्याच क्रमानं लिहीत होती! २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’साठी ‘वीस पाच’ आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. आमच्या वर्गात येऊन कुणी कन्नड घरची आणि मराठी घरची पोरं शेजारी बसवून पाहिली असती, तर बोलणं मुद्द्याचं झालं असतं. या विषयानं आता हेच करावं. क्रमवारी पुरे झाल्या. २००९ च्या ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत तमिळनाडू, हिमाचल जवळजवळ तळाला गेले. ते का, हे त्या आकड्यावरून कुठल्या मास्तरला कळलं?

माणदेशी मास्तर, दहिवडी
ताई, पंचवीसची गोष्ट माझ्या वहीत गेली. सर, वसतिगृहाचं पटतंय, पण सहा वर्षांचं पोर आईला सोडून राहील का? शनिवारी मेंढरांच्या वाड्यावर जाऊन आयांनाच विचारतो.