मदत हवी आहे: शाळेचा विषय काढला की मुलगा गप्प

आम्ही नागपूरचे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे हातात जेमतेम दहा दिवस. लेक नववीत जातोय. दरवर्षी पुस्तकं आली की स्वतः कव्हरं घालत बसायचा. यंदा खाकी कागदाचा रोल रबरबँडसकट कपाटावर तसाच. गणवेशाचं माप द्यायला निघालो त्याच सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. विचारलं की "काही नाही". बाबांनी विचारलं तर तेही नाही, नुसते खांदे उडवतो.

परवा रात्री लाइन गेली. गच्चीवर पडलो होतो. अंधारात आपणहून म्हणाला, "आई, तुकडी बदलली तर डबा कोणासोबत खायचा?" मी लगेच, "अरे, नवीन मित्र होतील की!" संपलं. कूस बदलून झोपला. तेव्हापासून स्वतःलाच बोल लावतेय.

चौकशी न वाटता विषय परत कसा काढू? आणि त्याला न सांगता वर्गशिक्षकांशी बोलावं का? (हे म्हणतात बोल. मला धीर होत नाही.)

प्रतिसाद १
समोर बसवून विचारलं की त्यांना तोंडी परीक्षाच वाटते. माझी लेक स्कूटरवर मागे बसली की बोलायची, कारण माझं तोंड पुढे! एखादं वाक्य निसटलं तर "डब्याचं टेन्शन आलंय ना?" एवढंच म्हणा. उपाय पोटातच ठेवा.

प्रतिसाद २
मी माध्यमिक शाळेत शिकवते. त्याला न सांगता येऊ नका, पोरांना कळतंच. "तुकडी कुठली तेवढं विचारून येऊ?" असं त्यालाच विचारा. कुणी मारत, छळत असेल तर मात्र थांबायचं नाही. त्याला सांगून सरळ शाळेत या. झोप, जेवण बिघडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आईबापांनी केला तरी चालतो.

धागाकर्ती
आज दूध आणायला दोघं स्कूटरवर गेलो. सिग्नलला मागून आवाज आला, "डब्याचं नाही गं. तो आता दुसऱ्यांसोबत बसतो." कोण 'तो', ते मला माहीत आहे. "हं" म्हटलं फक्त. घराची गल्ली आली तरी वळले नाही, पुढच्या चौकातून लांबचा फेरा घेतला. त्यानेही विचारलं नाही, कुठे चाललो म्हणून.